तात्यांच्या जीपचा मीटर: केबल काढून सेन्सर बसवताना आत काय काय बदलतं

आमच्या तात्यांची जीप सत्तरच्या दशकातली, महिंद्राची, पेट्रोलवरची. तात्या ती विकणार नाहीत आणि घरातलं कुणी विका म्हणणार नाही, एवढं ठरलेलं आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या अंगणात ती सीटच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. नंतर इंजिन खोललं, वायरिंग नवीन केलं, सीटा शिवून घेतल्या, सगळं मार्गाला लागलं पण स्पीडोमीटर काय दाद देईना. केबल बदलली की दोनतीन महिने काटा नाचत नाचत का होईना चालायचा आणि मग एक दिवस टक्क असा आवाज, की काटा शून्यावर आडवा. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा शंभर फुटी रोडवरच्या मेस्त्रींनी ट्रान्स्फर केसमधनं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या मागच्या चाकांकडं वाटणाऱ्या डब्यातनं, केबल फिरवणारा छोटा गिअर काढून माझ्या तळहातावर ठेवला. दात म्हणून काही शिल्लकच नव्हतं, नुसत्या हिरड्या. तसाच गिअर कुठं मिळंना, एक मिळाला तर त्याच्या दातांची संख्या वेगळी. मग तात्या मला म्हणाले, "तू कुपवाड एमआयडीसीत एवढी पॅनेलं करतोस, ह्याचं कायतरी इलेक्ट्रॉनिक कर की."

करतो म्हणालो, एका रविवारचं काम वाटलं होतं. पाच रविवार गेले. त्यात जे कळलं ते लिहितोय, कारण जुनी गाडी सांभाळणारे बरेच जण हेच विचारत असतात आणि प्रत्येकाला तोंडी सांगून माझा घसा बसलाय.

आधीच एक सांगतो, तुमची नुसती केबल तुटली असेल तर गप नवी केबल घाला, थोडं ग्रीस लावा आणि विषय संपवा. ग्रीस थोडंच, कारण जास्त लावलं की ते केबलमधनं चढत चढत मीटरच्या आत जातं आणि मग काटा चिकटतो. इलेक्ट्रॉनिकच्या भानगडीत कधी पडायचं, तर गिअरबॉक्स बदललाय आणि नव्याला केबलची जागाच नाही, किंवा आमच्यासारखा गिअर मिळत नाही, किंवा टायर एवढे मोठे घातलेत की मीटर खोटं बोलायला लागलाय.

आता जुना मीटर चालतो कसा ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढचं डोक्यात बसत नाही. गिअरबॉक्सच्या, जीपमध्ये ट्रान्स्फर केसच्या, बाहेर जाणाऱ्या शाफ्टवर एक गिअर असतो, तो केबलच्या आतली तार फिरवतो. ही तार म्हणजे एकावर एक पीळ दिलेल्या बारीक तारांचा दोर, टोकं चौकोनी, मीटरच्या मागं चौकोनी भोकात बसतात. मीटरच्या आत ही तार एक लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकाच्या भोवती अल्युमिनियमची छोटी वाटी असते, काटा त्या वाटीला जोडलेला. आणि गंमत अशी की चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठंही चिकटलेले नसतात, मधी हवा.

मग काटा हलतो कसा, अल्युमिनियमला तर चुंबक ओढत नाही. बरोबर, ओढत नाही. पण चुंबक जवळनं फिरला की अल्युमिनियममध्ये गोलगोल करंट तयार होतात, भोवऱ्यासारखे, आणि त्या करंटांचं स्वतःचं चुंबकत्व फिरत्या चुंबकाच्या मागं जायला बघतं. घरातले जुने वीजमीटर आठवा, काचेच्या आत ती आडवी चकती फिरायची, लहानपणी आम्ही ती बघत उभं राहायचो. त्या चकतीला ब्रेक लावायचं काम एक चुंबक करायचा, ते ह्याच तत्त्वावर. स्पीडोमीटरमध्ये ब्रेकच्या ऐवजी ओढ. चुंबक जेवढा जोरात फिरेल तेवढी वाटी जास्त ओढली जाते, आणि केसासारखी एक स्प्रिंग तिला मागं खेचून धरते. ओढ आणि स्प्रिंग जिथं बरोबरीत येतात तिथं काटा थांबतो. जर्मनीत ऑटो शुल्झ नावाच्या माणसानं १९०२ साली ह्याचं पेटंट घेतलं आणि पुढं जवळजवळ शतकभर जगातल्या बहुतेक गाड्यांत हेच चाललं. बॅटरी नको, वायर नको. मला विचाराल तर हे इतकं देखणं यंत्र आहे की ते काढून टाकायला हात धजत नाही.

आणि ह्याच मीटरमध्ये दुसरं एक यंत्र असतं ते बरेच जण विसरतात, ते म्हणजे किलोमीटरचा आकडा. तो चुंबकावर नाही, तो सरळ गिअरवर चालतो. तार ठरलेल्या इतक्या वेळा फिरली की एक किलोमीटर पुढं, त्यात अंदाजाचं काही नाही. म्हणजे एकाच डब्यात दोन वेगळे कारभार, काटा चुंबक आणि स्प्रिंगच्या भरवशावर, आकडा दातांच्या हिशोबावर. हे लक्षात ठेवा, पुढं ह्याच्यामुळंच माझे दोन रविवार गेलेत.

इलेक्ट्रॉनिक करायचं म्हणजे केबलचं काम तीन तुकड्यांत तोडायचं. एकानं फिरणं ओळखायचं, दुसऱ्यानं हिशोब करायचा, तिसऱ्यानं दाखवायचं. ओळखायला सेन्सर, हिशोबाला छोटा बोर्ड, म्हणजे प्रोग्राम घालता येणारं छोटं सर्किट, दाखवायला काय ते तुम्ही ठरवा, आणि सगळी वादावादी इथंच होते.

सगळ्यात सोपं म्हणजे जीपीएसवाला मीटर. उपग्रहावरनं वेग काढतो, सेन्सर नको, गिअर नको, दोन वायरी जोडा आणि चला. पण चालू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंत काटा झोपलेला, आणि पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलात की सिग्नल गेला. तात्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले बोगद्यात मी मीटर बघत नाही, रस्ता बघतो, तेही खरंच आहे. पण त्यांची खरी अट वेगळी होती, डायल जुनाच पाहिजे आणि आकडा जिथं थांबलाय तिथनंच पुढं फिरला पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे जुन्या डायलच्या मागचं सगळं काढायचं आणि काट्याला छोटी स्टेपर मोटर, म्हणजे बारीक बारीक टप्प्यांनी फिरून पाहिजे तिथं थांबणारी, लावायची. आजकालच्या गाड्यांच्या डॅशबोर्डात असतात तसल्या, ३१५ अंशात फिरतात आणि एका अंशाचे तीन भाग करून थांबतात, नखाएवढी किंमत, काम चोख. पण किलोमीटरचा आकडा मग छोट्या स्क्रीनवर घ्यावा लागतो आणि तो बोर्डाच्या मेमरीत लिहून ठेवावा लागतो, नाहीतर बॅटरी काढली की गाडी शून्य किलोमीटरची. इथं एक गोम आहे. आर्डुइनो नॅनोसारख्या बोर्डावरच्या कायमच्या मेमरीचा एकेक कप्पा साधारण १,००,००० वेळा लिहिण्यापुरता असतो. तुम्ही दर १०० मीटरला एकाच कप्प्यात आकडा लिहीत बसलात तर १०,००० किलोमीटरमध्ये त्याची हमी संपली. म्हणून दर किलोमीटरला लिहायचं आणि आळीपाळीनं वेगवेगळ्या कप्प्यांत लिहायचं.

तिसरा मार्ग आम्ही घेतला. जुना मीटर जसाच्या तसा ठेवायचा, चुंबक वाटी आकडा सगळं, आणि त्याच्या मागं केबलच्या जागी एक छोटी मोटर लावायची. खाली सेन्सर, मधी बोर्ड, वर मोटर. मीटरला वाटतं केबलच फिरतीय, तात्यांना वाटतं काही झालंच नाही. परदेशात असे तयार डबे मिळतात, आम्ही घरीच बनवला.

सेन्सरचं बोलू. लोक शाफ्टवर चुंबक चिकटवतात आणि तो समोरनं गेला की ओळखणारा हॉल सेन्सर लावतात, चालतं, पण चिखलात आणि उडणाऱ्या खडीत तो चुंबक किती दिवस राहील देव जाणे. मी कारखान्यातला प्रॉक्सिमिटी सेन्सर घेतला, १२ मिलिमीटरचा, पितळी, आटे असलेला, तीन वायरींचा. ब्राऊन प्लस, ब्लू मायनस, ब्लॅक सिग्नल. ह्याला चुंबक लागत नाही, समोर लोखंड आलं की कळतं. कन्व्हेयरवर, लेथवर, साखर कारखान्यात हे सेन्सर तेल पाणी धूळ खात वर्षानुवर्षं उभे असतात, जीपच्या खालचं आयुष्य त्यांना माहेरासारखं. मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टच्या जोडावर चार बोल्ट आहेत, त्यांच्या डोक्यांसमोर तो धरला. बोल्ट समोरनं गेला की सेन्सर विजेचा एक छोटा ठोका देतो, तो पल्स. शाफ्ट एकदा फिरला की चार पल्स.

जागा निवडताना डोकं लावा. शाफ्टचं मागचं टोक ॲक्सलबरोबर वर खाली होतं, आणि सेन्सर बोल्टपासून दोनतीन मिलिमीटरवर पाहिजे, त्यामुळं पट्टी चासीला लावून मागच्या टोकाकडं सेन्सर धरलात तर पहिल्या खड्ड्यातच त्याचं नाक उडेल, आणि आपल्याकडं पहिला खड्डा गेटच्या बाहेरच असतो. आम्ही पट्टी ट्रान्स्फर केसलाच बसवली, म्हणजे शाफ्टचं पुढचं टोक आणि सेन्सर एकत्रच हलतात, अंतर तेवढंच राहतं.

आता हिशोब. बोर्डाला एकच गोष्ट सांगायची असते, एका किलोमीटरमध्ये पल्स किती. हा एक आकडा बरोबर तर सगळं बरोबर. टायरवर खडूनं रेघ मारली, खाली फरशीवर रेघ मारली, मी आणि चुलतभावानं गाडी सरळ ढकलली, चाकाच्या बरोबर पाच फेऱ्या, टेप धरला तर ११ मीटर. म्हणजे एका फेरीला २.२ मीटर. टायरवरच्या नंबरावरनं गणित करू नका, वजनानं टायर खाली दबतो आणि फेरी थोडी कमी भरते. तर १००० भागिले २.२, साधारण ४५५ फेऱ्या एका किलोमीटरला.

मग चाक एकदा फिरलं की शाफ्ट किती वेळा फिरतो ते बघायचं. इथं मी माती खाल्ली. मागची एक बाजू जॅकवर उचलली, गिअर न्यूट्रल, चाक हातानं दहा वेळा फिरवलं, शाफ्टवरची खडूची खूण मोजली, २७. वा, २.७. बोर्डात आकडा घातला आणि गाडी बाहेर काढली. हरिपूर रोडला मी रमतगमत चाललोय, शेजारनं सायकलवाला पोरगा जवळजवळ माझ्याबरोबर, आणि मीटर म्हणतोय ५०. तात्या शेजारी बसलेले, त्यांनी एकदा मीटरकडं बघितलं, एकदा सायकलीकडं, आणि काही न बोलता भडंगाची पुडी सोडली.

घरी येऊन डोकं खाजवलं तेव्हा पेटलं. डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा गोळा. एक चाक जमिनीवर स्थिर आणि दुसरं हवेत फिरतंय, तेव्हा हवेतलं चाक दोन फेऱ्या मारतं तेवढ्यात शाफ्टचा वाटा एका फेरीएवढाच निघतो, कारण डिफरन्शिअल दोन्ही चाकांची सरासरी धरतं आणि त्यात एक शून्य आहे. म्हणजे मी मोजलेला आकडा निम्मा. परत गाडी ढकलून मोजलं, दोन्ही चाकं जमिनीवर, दहा फेऱ्यांना ५४ ला थोडं कमी. ह्या जुन्या जीपच्या ॲक्सलचा रेशो ५.३८ असतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८, तंतोतंत जमलं. ४५५ गुणिले ५.३८ म्हणजे जवळपास २,४४५ शाफ्टच्या फेऱ्या, गुणिले चार बोल्ट, ९,७८० पल्स एका किलोमीटरला. ताशी ६० ला मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६३ पल्स. सेन्सरवर लिहिलेली कमाल मर्यादा तपासा, माझ्या सेन्सरवर सेकंदाला ५०० होती, जीप तिथपर्यंत पोचायच्या आधी आपण देवाला पोचू.

बोर्डानं पल्स मोजायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे सेकंदभर मोजत बसायचं, पण मग हळू चालताना काटा टप्प्याटप्प्यानं उड्या मारतो. त्यापेक्षा दोन पल्समध्ये वेळ किती गेला ते मोजायचं आणि त्यावरनं वेग काढायचा, म्हणजे ताशी ५ लासुद्धा काटा गुळगुळीत. फक्त पल्स यायचेच बंद झाले की अर्ध्या सेकंदानं शून्य धरायला सांगा, नाहीतर गाडी सिग्नलला उभी आणि काटा शेवटच्या वेगावर अडकलेला.

ह्याच्यापुढचा ताप गोंगाटाचा. पेट्रोलच्या जुन्या गाडीत इंजिनात ठिणगी पाडायला पॉइंट आणि कॉइल असते, प्रत्येक ठिणगीला हजारो व्होल्टचा झटका, आणि शेजारनं जाणारी तुमची बारीक सिग्नलची वायर तो सगळा ऐकत असते. आमची जीप अंगणात उभी, गिअरमध्येसुद्धा नाही, नुसतं इंजिन चालू, आणि मीटर २० दाखवतोय. एक्सलेटर दाबला की ३५. इंजिनाच्या ठिणग्याच बोर्ड पल्स म्हणून मोजत होता. शील्ड असलेली, म्हणजे वरनं तारेची जाळी असलेली केबल घेतली, तिची जाळी फक्त बोर्डाच्या टोकाला अर्थिंगला जोडली, दोन्हीकडं केली तर उलट तीच करंट वाहायला लागते. सिग्नलची वायर मधल्यामधी तरंगू नये म्हणून तिला पुलअप रेझिस्टर लावला, आणि वायर कॉइलच्या बाजूनं न नेता दुसऱ्या बाजूनं चासीला धरून नेली. निम्मा फरक तर वायरीचा रस्ता बदलल्यानंच पडला. डिझेल जीपवाल्यांना ठिणगीचा त्रास नाही, त्यांनी आनंद मानावा.

वीज देताना बॅटरीवर विश्वास ठेवू नका. म्हणायला १२ व्होल्ट, चार्जिंग होताना १४ च्या वर, स्टार्टर मारताना धाडकन खाली, आणि मधी मधी कुठनं तरी मोठा झटका. बोर्डाला लागतील तेवढेच व्होल्ट देणारा छोटा कन्व्हर्टर, झटका गिळणारा डायोड आणि एक अँपिअरचा फ्यूज, एवढं पाहिजेच. जुन्या ब्रिटिश गाड्या असतील तर आधी बघा, काहींत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, तिथं नेहमीसारखं जोडलंत की धूर.

आता वरची मोटर किती वेगानं फिरवायची. इंग्रजी पद्धतीच्या बऱ्याच मीटरांच्या डायलवर बारीक आकडा छापलेला असतो, तार एका मैलाला किती फेऱ्या घेते त्याचा, १००० हा नेहमीचा. किलोमीटरला ६२१ येतात. आमच्या डायलवरचा हा बारीक आकडा पुरानंतर वाचता येईना, म्हणून मीटर टेबलावर घेतला, ड्रिल मशीनला चौकोनी टोक लावलं आणि हळू फिरवलं. दिशा आधी बघून घ्या, उलटं फिरवलंत तर काटा खालच्या पिनवर आपटतो आणि ती केसासारखी स्प्रिंग गेली तर मिळत नाही. फेऱ्या मोजल्या, आकडा एक किलोमीटर सरकायला ६२१. मग ताशी ६० म्हणजे मोटरनं मिनिटाला ६२१ फेऱ्या घ्यायच्या, काय सुंदर सरळ हिशोब आहे बघा. मोटरला एन्कोडर, तिच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर, पाहिजे, म्हणजे बोर्डाला कळतं ती खरंच तेवढी फिरतीय का, नाहीतर थंडीत ग्रीस घट्ट झालं की ती मागं पडते.

ड्रिल ६२१ वर धरलं, टॅकोमीटरनं, म्हणजे फेऱ्या मोजायच्या यंत्रानं, तपासलं, आणि काटा ५६ वर. आकडा बरोबर, काटा कमी. मी वेड्यासारखा मोटरचा वेग वाढवून काटा ६० वर आणला, आणि मग पंढरपूर रोडला मैलाचे दगड धरून दहा किलोमीटर गेलो तर आकड्यानं जवळजवळ पावणेअकरा दाखवले. मघाशी म्हणालो तो प्रकार हाच. दोन कारभार वेगळे आहेत, आणि मोटर एकच. वेग वाढवून काटा सुधारलात की आकडा बिघडतो. मोटर कायम आकड्याच्या हिशोबानं लावायची, काट्याचं काय ते मीटरच्या आत बघायचं. काटा कमी दाखवत असेल तर बहुतेक चुंबक म्हातारा झालाय, जास्त दाखवत असेल तर स्प्रिंग सैल पडलीय.

मिरजेतल्या एका घड्याळवाल्या काकांनी स्प्रिंगचा बारीकसा हात सरकवून ६० ला ६० करून दिलं. हात सरकवला की काटा सगळीकडं सारखाच वर सरकतो, म्हणून आता ३० ला ३२ दाखवतो आणि थांबल्यावर शून्याच्या केसभर वर उभा राहतो, चुंबक परत भारल्याशिवाय सगळीकडं एकदम जमणार नाही. जास्त दाखवलेलं चालतं, कमी दाखवलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम बऱ्याच देशांत पाळतात, त्यात मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढीच सूट. नवीन गाडीचा मीटर आणि मोबाईलचा वेग जुळत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांनी हे वाचावं. आमच्या जीपचा मीटर ६० च्या पुढं थोडा कमी बोलतो, ८० ला ७९, पण तात्या तिला ६० च्या वर नेत नाहीत, आणि नेली तर जीपच नको म्हणते.

काम केलं त्या दिवसाचा आकडा, तारीख आणि मधल्या बंद काळात अंदाजे किती चालली ते आम्ही गाडीच्या वहीत लिहून ठेवलं, उद्या कुणाला दाखवायची वेळ आली तर लपवाछपवी नको.

डॅशच्या मागं मोटरची बारीक घरघर येते, वरचं छताचं हूड उघडं असलं की ऐकू येत नाही. तात्यांना आवडलंय. एवढं आवडलंय की परवा म्हणाले, आता मीटर पाहिजे तसा लावता येतोय म्हणल्यावर मोठे टायर घालूया की. टायर मोठे म्हणजे फेरी मोठी, परत ढकला, परत टेप धरा. खडू जीपच्या कप्प्यातच ठेवलाय, चुलतभाऊ मात्र फोन उचलत नाही.